'रेडियम' साडी कोणी नेसायची?

मैत्रिणींनो, सध्या आमच्या महागावच्या कापड दुकानांत डोळे दिपतील असे रंग आले आहेत. नुसता पोपटी नाही, पोपटीच्याही पलीकडचा. कच्च्या लिंबाच्या आत कुणी बल्ब लावून ठेवला असावा असा. गुलाबीही तसाच, आणि केशरी तर विचारूच नका! उमरखेडला जा, पुसदला जा, तेच. लग्नाची खरेदी म्हटली की दुकानदार पहिल्यांदा तोच गठ्ठा गादीवर टाकतो आणि म्हणतो, "ताई, हे पाहा, निऑन. सध्या हेच चालून राह्यलं." आमच्या बायका मात्र या रंगाला निऑन म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी हा 'रेडियम कलर'. अंधारातही चमकेल असा वाटतो ना, म्हणून रेडियम.

गंमत म्हणजे ही दोन्ही नावं एकाच वर्षी जन्माला आलेली आहेत. १८९८ साली लंडनमध्ये रॅमसे आणि ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांना निऑन वायू सापडला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पॅरिसमध्ये मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधून काढलं. पुढे १९१० मध्ये जॉर्ज क्लोद या फ्रेंच माणसाने काचेच्या नळीत निऑन वायू भरून दिवा पेटवून दाखवला. दुकानांच्या त्या रंगीत पाट्या आल्या त्या तिथून. पण खऱ्या निऑनचा उजेड तांबूस-नारिंगी असतो. आपल्या पोपटी साडीशी त्याचा काहीएक संबंध नाही. साडीत ना निऑन असतं, ना रेडियम.

आणि रेडियम नसतं हे किती बरं! पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमचा रंग लावत. हे नाजूक काम तरुण मुलींकडे होतं. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून फिरवा, असं त्यांना कामावर शिकवलेलं. दिवसातून कितीतरी वेळा तो ब्रश तोंडात. पुढे त्यांचे दात पडले, जबडे सडले, कित्येक जणी गेल्या. पाच जणींनी न्यू जर्सीत कंपनीवर खटला भरला. तो १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. चमकणाऱ्या रंगापायी बायकांनी दिलेली ही किंमत आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठे नव्हती. आज मोटारसायकलला लावतो त्या 'रेडियम'च्या पट्टीत रेडियम नसतं, नुसतं नाव उरलंय.

मग हा कपडा चमकतो कशाने? याचं उत्तर तुमच्या-माझ्या घरातच आहे. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना नीळ घालायच्या. नंतर टिनोपॉल आलं. निळीचं काम एवढंच, की पांढऱ्यावर आलेली पिवळट झाक ती झाकते. टिनोपॉलची करामत वेगळी. उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारे जे अतिनील किरण असतात, ते ते शोषून घेतं आणि दिसणाऱ्या निळसर उजेडाच्या रूपाने बाहेर टाकतं. म्हणून शाळेचा पांढरा शर्ट उन्हात लखलखतो. या भडक रंगांचंही तत्त्व तेच. साधा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग परत करतो, तर हा रंग न दिसणाऱ्या आणि निळ्या उजेडाचंही आपल्या रंगात रूपांतर करून टाकतो. म्हणजे पडला त्याहून जास्त उजेड परत आल्यासारखा वाटतो. त्यात आपला डोळा दिवसा पिवळट-हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त ओळखतो. त्यामुळे हे पोपटी कापड दुकानात शंभर साड्यांत पडलेलं असलं तरी आधी नजर तिकडेच जाते. टेनिसचा पूर्वीचा पांढरा चेंडू टीव्हीवर दिसेना, म्हणून १९७२ मध्ये पिवळा आणला, तो याच कारणाने. विम्बल्डनवाले जुन्या वळणाचे, त्यांनी १९८६ पर्यंत पांढराच चालवला!

या रंगाचा जन्म मात्र मोठा नाट्यमय आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात बॉब आणि जोसेफ स्विट्झर नावाचे दोन भाऊ होते. १९३०च्या दशकात बॉबला कामावर अपघात झाला, डोक्याला मार लागला आणि डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितलं. धाकट्या जोसेफला जादूच्या प्रयोगांचा नाद. दोघे अंधारात अतिनील दिवा घेऊन कोणकोणती रसायनं चमकतात ते पाहत बसायचे. त्यातून हे रंग निघाले. बॉबने पहिलं चमकणारं कापड तयार केलं ते बायकोच्या लग्नाच्या झग्यावर रंग लावून, असं सांगतात. त्या बाईचं त्यावर काय म्हणणं होतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही. आपण असतो तर? असो. पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानातून आपले सैनिक ओळखू यावेत म्हणून असली कापडं जमिनीवर अंथरली गेली. युद्ध संपलं आणि रंग साबणाच्या खोक्यांवर, जाहिरातींवर आणि मग माणसांच्या अंगावर आला.

तेव्हापासून तो येतो आणि जातो. १९८२ मध्ये जेन फोंडा या नटीची व्यायामाची कॅसेट आली आणि पाश्चात्त्य बायका भडक गुलाबी-पिवळ्या घट्ट कपड्यांत उड्या मारू लागल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गोविंदाचे शर्ट आठवा. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या पायात रेडियम पिवळे बूट होते आणि त्याच सुमारास आपल्या कॉलेजच्या मुलींच्या लेगिन्सही तशाच. मग काही वर्षं सगळे मातकट, फिक्या रंगांच्या मागे. २०२४ मध्ये इंग्लंडच्या चार्ली एक्ससीएक्स या गायिकेचा 'ब्रॅट' नावाचा अल्बम निघाला. त्याच्या वेष्टणावर बाकी काही नाही, नुसता झणझणीत पोपटी रंग आणि त्यावर अल्बमचं नाव. तो इतका गाजला, की कॉलिन्स शब्दकोशाने त्या वर्षीचा शब्द म्हणून 'ब्रॅट' निवडला. लंडनचा पोपटी सुरतेच्या मिलमधून महागावच्या गादीवर यायला आता वेळ लागत नाही. पूर्वी शहरातली फॅशन आमच्याकडे यायची तोवर शहरात ती जुनी झालेली असायची. आता मोबाइलमुळे माझी भाची आणि मुंबईची मुलगी एकाच दिवशी एकच रंग मागतात.

पण खरं सांगू? आमच्या भागाला भडक रंग कुणी शिकवायची गरजच नाही. फाल्गुनात महागाव तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्याने जा. पानं झडलेल्या रानात पळस असा पेटलेला असतो, की निऑनने लाजावं. त्याच्या फुलांचा रंग काढून आपण लहानपणी होळी खेळलो आहोत. दुसरी आपली करडई. आज आपण ती तेलापुरती ओळखतो, पण जुन्या काळी करडईच्या फुलांपासून कुसुंबी रंग काढत. तोही असाच झगझगीत गुलाबी-केशरी आणि तोही असाच उन्हात आणि धुण्यात उडून जाणारा. म्हणजे 'रंग लवकर जातो' ही तक्रार काही आजची नाही. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराने पहिला रासायनिक जांभळा रंग बनवला, त्यानंतर तीन वर्षांत फ्रान्समध्ये आपला 'राणी' म्हणतो तसला रंग निघाला आणि फुलापानांचे रंग मागे पडले.

आणि आमचे तांडे! पुसद-महागाव-उमरखेड हा बंजारा समाजाचा भाग. मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तांड्यातल्या म्हाताऱ्या याडी (बंजारा बोलीत याडी म्हणजे आई) अजूनही फेटिया-कांचळी घालतात. लाल, पिवळा, हिरवा, निळा सगळे एकाच घेरात, त्यात आरसे, कवड्या, नाणी. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून रानावनातून हिंडणारी ही माणसं. दुरून आपलं माणूस दिसावं म्हणून हे रंग आणि आरसे, असं एका याडीने मला सांगितलं. म्हणजे महायुद्धात अमेरिकन सैन्याला जे सुचलं, ते आमच्या तांड्याला आधीच ठाऊक होतं! कर्नाटकात संडूरच्या लंबाणी बायकांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२०ची बैठक झाली, तेव्हा त्यांच्या कामाच्या मांडणीची गिनीज बुकात नोंद झाली. आमच्याकडे पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. पण तांड्यातल्या सुना आता साडी नाहीतर पंजाबी ड्रेस घालतात. एकीने मला कारण सांगितलं, "ताई, फेटिया घालून एसटीत बसलं तर लोकं वळून वळून पाह्यतेत." आणि हीच सून परवा दुकानात रेडियम गुलाबी कुर्ती अंगाला लावून पाहत होती. तांड्याचा भडक रंग म्हणजे गावंढळ आणि मोबाइलमधला भडक रंग म्हणजे फॅशन. हे गणित कुणी लावलं, ते मला अजून सुटलेलं नाही.

रंगाला असे फाटे खूप आहेत. काळ्या-सावळ्या मुलीने भडक घालू नये, हा पहिला. कुणी आधी ठरवलं कोण जाणे, पण मुलगी पाळण्यात असल्यापासून तिच्यासाठी कपडे 'रंगाला शोभतील' असे फिके निवडले जातात. उलट झणझणीत पिवळा, राणी, केशरी हे रंग सावळ्या कांतीवर जितके खुलतात तितके गोऱ्या अंगावर नाही, गोरी मुलगी त्यात पांढरीफटक दिसते. दुसरा फाटा वयाचा. चाळिशी आली, सून आली, की बाईने आमसुली, शेवाळी, राखाडीवर यावं. मला स्वतःला म्हणाल तर हा रेडियम रंग आवडत नाही, डोळ्याला टोचतो. माझ्या कपाटात आमसुलीच जास्त. पण तो मी आवडीने घेतला आहे, कुणी माझ्यावर लादलेला नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मला गेल्या वर्षी नीट कळला.

झालं असं. आमच्या एका बचत गटातल्या अकरा जणींनी ८ मार्चच्या मेळाव्यासाठी एकसारखी साडी घ्यायचं ठरवलं. उमरखेडच्या दुकानात बसून दीड तास खल झाला आणि बहुमत पडलं ते रेडियम पोपटीवर, काठ गुलाबी. ठोक भावात ३८० रुपयांना एक. मी मनात म्हटलं, देवा! पण गट त्यांचा, पैसा त्यांचा. गठ्ठा बांधायची वेळ आली तेव्हा एक आजीबाई, गटातल्या एकीची सासू, सोबत आली होती, ती दुकानदाराला म्हणाली, "आठ ह्या द्या. अन् तिघींले दुसरा रंग दाखवा. साधा."

त्या तिघी म्हणजे गटातल्या तीन विधवा. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर कशामुळे गेलं हे सांगायला नको. कापूस, कर्ज, आत्महत्या. जाणारा जातो, पेपरात आकडा येतो आणि मागे पंचवीस-तीस वर्षांची बाई राहते. ती निंदायला जाते, कापूस वेचते, बँकेत चकरा मारते, पोरांची फी भरते. गटाचा हिशेब तीच चोख ठेवते. फक्त रंग घालायचा नाही. आमच्याकडे पांढरं नेसा असं कुणी म्हणत नाही, पण फिकं, जुनं, 'साधं' असावं, हे न बोलता ठरलेलं असतं.

आजीबाईंचं बोलणं ऐकून दुकानात क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग तिघींतली सगळ्यात धाकटी, तिची मुलगी सातवीत आहे, ती म्हणाली, "कायले वो आत्याबाई? गेला तो गेला. मी तं हाये ना. हप्ता भरतो तवा माह्या पैशाले वेगळा रंग हाये का?" आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्या वाईट बाई नाहीत, स्वतःही चाळिशीच्या आत विधवा झालेल्या. जे त्यांच्या वाट्याला आलं तेच रीत म्हणून पुढे देत होत्या. दुकानदार शहाणा निघाला, त्याने विचारलं, "मग अकरा बांधू ना?" अकरा बांधल्या.

मेळाव्याला दोघी त्या साडीत आल्या. तिसरी आली, पण आपली जुनी करड्या रंगाची नेसून. तिचा दीर नको म्हणाला होता. मेळाव्यात कुणी चकार शब्द काढला नाही. कुजबुज झाली ती दुसऱ्या दिवशी नळावर. "ते पाह्यलं का, कशी झगझग करत आली," वगैरे. धाकटीला ते कळलं. पुढच्या गटाच्या बैठकीला ती पुन्हा तीच साडी नेसून आली. तिसरीची साडी अजून दुकानाच्या पिशवीतच आहे. मी विचारलं तर म्हणाली, "पोरीच्या कामी येईन."

मैत्रिणींनो, कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे प्रकार गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. चांगली गोष्ट झाली. आमच्याकडेही वाचून दाखवलं गेलं. पण साडीच्या रंगाबद्दल ठराव कसा करणार? ते दीर, जाऊ, नळावरच्या बायका ठरवतात. त्याच्याही फार आधी, १८८२ मध्ये, आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं होतं, की हे सगळे नियम बाईलाच का? आणि रंगाचं म्हणाल तर रीतही एक कुठे होती? सोवळ्या विधवांना नेसवत ते आलवण चक्क तांबडं असायचं. म्हणजे सवाष्णीचा शालू तांबडा आणि विधवेचं आलवणही तांबडंच. दोष रंगात नव्हताच कधी.

आता थोडं कामाचं बोलू, कारण घेणाऱ्या घेणारच आहेत.

हा रंग पॉलिस्टर आणि नायलॉनवर जसा चढतो तसा सुती कापडावर चढत नाही. त्यामुळे 'निऑन कॉटन' म्हणून कुणी जास्त भाव सांगत असेल तर कापड हातात चोळून पाहा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा अंगभर पॉलिस्टर म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा सुती ड्रेसवर रेडियम ओढणी किंवा साध्या साडीवर तसा ब्लाउज बरा दिसतो आणि सोसवतो. उन्हाने हा रंग फार लवकर मरतो, म्हणून उलटा करून सावलीत वाळवा. ब्लीचचं पाणी लावू नका. पहिल्यांदा वेगळा धुवा.

शेतात जाताना पिवळा किंवा पोपटी टाळा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. कपाशीत पांढरी माशी आणि मावा पकडायला आपण पिवळे चिकट सापळे लावतो ना? त्या किड्यांना पिवळा रंग ओढतो. तुम्ही पिवळ्या झालात तर तुम्हीच सापळा. वेचणीला गेलेल्या एकीच्या ओढणीवर इतका मावा बसला, की बाकीच्या म्हणाल्या, हिला रोज आणा, फवारणी वाचेल.

रस्त्यावर मात्र हाच रंग कामाचा. नागपूर–तुळजापूर महामार्ग आमच्या दारातून जातो आणि सांजेला कामावरून परतणाऱ्या बायका त्याच्या कडेने ओळीने चालतात. रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना पोपटी जाकिटं देतात ती उगीच नाही. पावसाळी अंधारून आलेलं असताना, पहाटे, दिवेलागणीआधी हा रंग दुरून दिसतो, कारण थोड्याशा उजेडावरही तो चालतो. पण एक ध्यानात ठेवा. पूर्ण अंधार पडला की त्याची जादू संपली. गाडीच्या दिव्यात तो साध्या रंगासारखाच दिसतो. रात्री लागते ती उजेड परत फेकणारी पट्टी, मोटारसायकलला लावतात ती. जाकिटांवर ती राखाडी पट्टी वेगळी शिवलेली असते, ती त्यासाठीच. स्टिकरच्या दुकानात ती मिळते. डब्याच्या पिशवीला, काठीला मागच्या बाजूने वीतभर चिकटवली तरी पुरते. आमच्या गटातल्या धाकटीने ती बंडीच्या मागच्या फळीला लावून घेतली आहे, दोन्ही टोकांना एकेक.